केस पेपरवर ‘दारात बोट चेंगरलं’ असं लिहिलंय, आता काय?

वकीलताईंना विचारा

या वेळी पत्रं आणि मेसेज बघितले तर निम्म्याहून जास्त कामावरच्या दुखापतींचेच निघाले, म्हणून अख्खा कॉलम त्यालाच देतेय. पुण्याच्या कामगार न्यायालयात पंचवीसेक वर्षं काढली, बोटं गेलेले हात इतके बघितले की आता समोरच्याने हात टेबलावर ठेवला की अंदाज येतो हा प्रेसवरचा का सुतारकामाचा. विचारणाऱ्यांची नावं काढून टाकलीयेत, गावं ठेवलीयेत.

ताई, मी भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर ऑपरेटर आहे. आम्ही एकूण आठ जण, ईएसआय (सरकारी कामगार विमा) वगैरे काही कापत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये पीस काढताना प्रेसचा डबल स्ट्रोक पडला (एकदाच दाबलं तरी प्रेस दोनदा खाली आला) आणि उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाची दोन पेरं गेली. सुपरवायझरने दवाखान्यात नेलं आणि तिथे सांगितलं की घरी दारात बोट चेंगरलं, केस पेपरवर तेच लिहिलंय. बिल मालकाने भरलं, आता म्हणतात २० हजार घे आणि स्टॅम्प पेपरवर सही कर की माझी काही तक्रार नाही. चूक तशी माझीच, हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर बंद आहे हे मला माहीत होतं. वय ३०, पगार साडेसोळा हजार. सही करू का? — एक वाचक, भोसरी

सही करू नका. आणि केली तरी घाबरू नका, कारण कामगाराने भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा किंवा कमी करून घेतल्याचा कागद १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या कलम १७ प्रमाणे रद्दच धरला जातो. तडजोड करायची तर तिची नोंद कामगार भरपाईच्या आयुक्तांकडे व्हावी लागते आणि रक्कम फारच कमी वाटली तर ते नोंदवायला नकारही देऊ शकतात. आपल्याकडे हे आयुक्त म्हणजे बहुतेक वेळा कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच, तेव्हा नोटरीचा शिक्का बघून हातपाय गाळू नका.

आता ते "चूक माझीच". प्रत्येक जण हे वाक्य घेऊन येतो. अहो, हा कायदा चूक कुणाची हे विचारतच नाही, काम करताना आणि कामामुळे लागलं का एवढंच विचारतो. झोप लागत होती, लक्ष नव्हतं, गप्पा मारत होतो, ह्याने हक्क जात नाही. मालकाला सुटायला तीनच वाटा आहेत, एक दारूच्या किंवा नशेच्या अमलात असणं, दोन सुरक्षेचा नियम किंवा हुकूम मुद्दाम मोडणं, तीन गार्ड किंवा सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढणं. त्यात पुन्हा माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला तर ह्या तिन्ही वाटा बंद.

तुमच्या बाबतीत मालकाचा वकील सेन्सरचंच बोलणार हे धरून चला. पण सेन्सर बंद कुणी केला हो? तुम्हीच लिहिलंय "बंद होता", म्हणजे तुम्ही केला नाही. माझा अनुभव असा की सेन्सर सतत ट्रिप होतो, तासाचे पीस भरत नाहीत, मग सेटर (मशीन लावून देणारा) त्याला बायपास करतो आणि सगळ्यांना माहीत असतं, मालकालाही. दोन्ही हातांनी दाबायची बटणं असतात तिथे एका बटणाला काडी नाहीतर टेप लावून पायाच्या पॅडलवर प्रेस चालवतात. बंद सेन्सरवर काम करायला लावलेल्या माणसाने सेन्सर मुद्दाम काढला असं होत नाही, आणि काढला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. फक्त उलटतपासणीत "हो माझी चूक" असं भोळेपणाने बोलून बसू नका, जे घडलं तेवढंच सांगा, सेन्सर कधीपासून बंद होता आणि कुणाला सांगितलं होतं.

पैशांचा हिशोब. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात कुठला अवयव गेला की कमाईची ताकद किती टक्के गेली असं कोष्टकच आहे. अंगठा पूर्ण गेला तर ३०, तर्जनी पूर्ण गेली तर १४, तिची दोन पेरं गेली तर ११, करंगळी ७. वाचायला कसंतरीच वाटतं, खाटकाच्या दुकानातला दरफलक वाटतो, पण आहे ते आहे. मग पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा आकडा. पगार कितीही असला तरी हिशोबाला जास्तीत जास्त १५ हजारच धरतात, ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची, त्याआधी ८ हजार होती. वयाचा आकडा चौथ्या परिशिष्टात, ३० पूर्ण असेल तर २०७.९८. म्हणजे ९ हजार गुणिले २०७.९८ झाले १८ लाख ७१ हजार ८२०, त्याचे ११ टक्के म्हणजे २ लाख ५ हजार ९०० रुपये. मालक देतोय २० हजार. दवाखान्याचं बिल भरलं ते यातून वजा करता येत नाही, तो खर्च मालकाने वेगळाच द्यायचा असतो. शिवाय महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला पटेल असं कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड.

आता केस पेपर. पहिल्या दिवशी डॉक्टर जे लिहितो त्यालाच कोर्टात जास्त वजन, म्हणून तर सुपरवायझर आधी बोलतो आणि तुम्ही वेदनेने कळवळत असता. पण सगळं संपलं असं नाही. आजच्या आज त्या दवाखान्याला लेखी अर्ज द्या की माहिती सुपरवायझरने चुकीची दिली, मी बोलण्याच्या स्थितीत नव्हतो, प्रत्यक्षात प्रेसवर लागलंय, आणि पोच घ्या. मालकाला स्पीड पोस्टाने पत्र टाका, तारीख, वेळ, शिफ्ट, मशीन, शेजारी कोण होतं सगळं लिहा. बिल मालकाने भरलं ही तर तुमचीच बाजू, घरी दारात बोट चेंगरलेल्या माणसाचं बिल मालक कशाला भरेल? जखमेचे फोटो, एक्सरे, त्या दिवशीचे व्हॉट्सॅप मेसेज, पगार बँकेत येत असेल तर पासबुक, रोख असेल तर हजेरीच्या डायरीचा फोटो, काहीही चालतं, फक्त जपून ठेवा. माझ्या एका अशिलाने त्या दिवशी सुपरवायझरला पाठवलेला "सर प्रेसमध्ये हात गेला लवकर या" एवढा एक मेसेज होता, त्याच्यावर केस उभी राहिली.

दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत लावायचा. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून औद्योगिक कामगाराला फुकट वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. आणि हो, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, त्यामुळे कुणीतरी सांगेल तो कायदाच गेला आता. तुमचा अपघात ऑगस्टचा, हक्क त्या दिवशीच तयार झाला, म्हणून तुम्हाला जुनाच कायदा.

मॅडम, माझी मिसेस चाकणला एका कंपनीत पॅकिंगला आहे, ईएसआय कापतात. सकाळी सहाच्या शिफ्टला माझ्या दिराच्या गाडीवर (म्हणजे तिच्या दिराच्या, माझ्या भावाच्या) मागे बसून जाताना टेम्पोने धडक दिली, पाय मोडला, तीन महिने घरी आहे. एचआर म्हणतात गेटच्या आत झालं असतं तर आमचं, रस्त्यावरचं आमचं नाही. — राजगुरुनगर

एचआरवाल्यांना सांगा २०१० साली ईएसआय कायद्यात कलम ५१ ई घातलं गेलं, घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात हा नोकरीतलाच अपघात धरायचा, फक्त वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दिसला पाहिजे. सहाच्या शिफ्टला साडेपाचला नेहमीच्या रस्त्यावर अपघात झाला, यापेक्षा सरळ संबंध काय असतो. रस्ता सोडून मावशीकडे पोहे खायला गेली असती तर गोष्ट वेगळी.

कंपनीने ईएसआयला अपघाताचा रिपोर्ट द्यायचा असतो. देत नसतील तर तुम्ही थेट ब्रँच ऑफिसला अर्ज द्या, सोबत पोलीस पंचनामा, दवाखान्याचे कागद, शिफ्टचं शेड्यूल. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ पगाराच्या ९० टक्के मिळतो, जितके दिवस कामाला जाता येत नाही तितके दिवस, आणि त्याला इतके महिने वर्गणी भरलेली पाहिजे अशी अट नाही, म्हणजे परवा कामाला लागलेल्या बाईलाही मिळतो. आजारपणाच्या लाभाशी याची गल्लत करतात, तो कमी असतो आणि त्याला वर्गणीची अट आहे, क्लार्क त्यात अर्ज भरून घेत असेल तर सही करायच्या आधी फॉर्मवर काय छापलंय ते वाचा.

ज्यांना ईएसआय नाही त्यांच्यासाठी पण चांगली बातमी, आणि ती आपल्या मराठवाड्यातूनच आलीय. धाराशिवकडच्या एका साखर कारखान्याचा वॉचमन २००३ साली पहाटे तीनच्या ड्युटीला मोटरसायकलवर निघाला, कारखाना पाचेक किलोमीटर राहिला असताना अपघातात गेला. खालच्या कोर्टाने बायकोला आणि घरच्यांना भरपाई दिली, हायकोर्टाने ती काढून घेतली, आणि सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये परत दिली. १९२३ च्या कायद्यातही जाता-येतानाचा अपघात धरायचा असं स्पष्ट सांगितलं. बावीस वर्षं लागली, त्यावर काय बोलायचं. ईएसआय नसेल तर एक लक्षात ठेवा, मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे जायचं का कामगार भरपाईकडे हे आधी ठरवावं लागतं, एकाच अपघाताचे दोन्हीकडे मागता येत नाहीत. टेम्पोचा इन्शुरन्स चालू असेल तर मोटार अपघातात रक्कम बरेचदा जास्त बसते.

ताई नमस्कार. माझे वडील नांदेडहून पुण्याला बिगारी म्हणून गेले होते. मार्च २०२५ ला परांचीवरून पडून वारले, वय ४५, रोज ७०० रुपये. बिल्डर म्हणतो माझा माणूस नाही, मोठा ठेकेदार म्हणतो छोट्या ठेकेदाराचा आहे, छोटा ठेकेदार गावाकडचाच, त्याने चुलत्याच्या हातात १ लाख दिले आणि मिटलं म्हणाला. आईला त्यातले ४० हजार मिळाले. — एक मुलगी, ता. मुखेड

बाळा, मिटलं वगैरे काही नाही. मृत्यूची भरपाई मालकाने आयुक्तांकडेच जमा करायची असते, थेट घरच्यांच्या हातात दिली तर ती भरपाई दिली असं कायदा मानतच नाही, आणि नेमकं तुमच्याकडे झालं तसं होऊ नये म्हणूनच तो नियम आहे. चुलते असतात, दीर असतात, गावातले पुढारी असतात, पैसे बाईपर्यंत पोचेपर्यंत निम्मे होतात. फार तर अवलंबून असलेल्या माणसाला तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल देता येते, तेवढीच नंतर वजा होते.

कोण कुणाचा माणूस ह्या खेळालाही उत्तर आहे. ज्याचं मुख्य काम त्याने ठेकेदारामार्फत करून घेतलं तर ठेकेदाराच्या कामगाराची भरपाई त्यालाच द्यावी लागते, नंतर ती त्याने ठेकेदाराकडून वसूल करत बसावी, तो त्यांचा आपसातला मामला. बिल्डरचं कामच इमारत बांधणं, तो कुठे जाणार. तिघांनाही पार्टी करा, एकालाही सोडू नका, नाहीतर कोर्टात प्रत्येक जण गैरहजर असलेल्याकडे बोट दाखवतो.

मृत्यूला पगाराच्या ५० टक्के धरतात, महिना १५ हजारांच्या वरच जातो म्हणून साडेसात हजार, ४५ वयाचा आकडा १६९.४४, म्हणजे १२ लाख ७० हजार ८०० आणि अंत्यविधीचा खर्च. दावा लावायला पुण्याला खेपा घालायच्या नाहीत, आई राहते त्या भागातल्या आयुक्तांकडेही लावता येतो. आईला बाई म्हणूनच फुकट वकील मिळेल. पोलिसांचा पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम रिपोर्टची नक्कल मात्र पुण्याच्या त्या ठाण्यातून आधी काढा.

आणखी एक, वडिलांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी होती का बघा, भांडी-पेटी मिळालेली असेल तर बहुतेक असणार. नोंदणी चालू असताना कामावर मृत्यू झाला तर मंडळाकडून वारसाला ५ लाख मिळतात, हे भरपाईच्या वेगळे, एकाने दुसरं कापलं जात नाही. नोंदणी दरवर्षी नवी करावी लागते आणि तिथेच आपली माणसं अडकतात.

ताई मी स्वतः शेतकरी, साडेतीन एकर. यंदा सोयाबीन काढताना भाड्याच्या मळणी यंत्रात गावातल्याच मजुराचा उजवा हात मनगटापासून गेला. तो माझ्याच शाळेतला. दवाखान्याला मी ६० हजार दिले व्याजाने काढून. आता त्याचे पाहुणे म्हणतात केस करणार. मी मालक कसा काय, मीच कर्जात आहे. — जि. लातूर

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पण खोटा धीर देत नाही. १९२३ च्या कायद्यातल्या कामगारांच्या यादीत इंजिन, ट्रॅक्टर किंवा विजेवर चालणाऱ्या यंत्राने शेती करणाऱ्याकडचा मजूर आहे, आणि संहितेतही त्याची जागा गेलेली नाही. एकर किती, कर्ज किती हे तिथे बघत नाहीत.

मालक कोण हा मात्र खरा प्रश्न आहे. लातूरकडे मळणी यंत्र ट्रॅक्टरसकट येतं, कधी यंत्रवाल्याचीच टोळी असते आणि पोत्यामागे दर ठरतो, कधी यंत्र त्याचं आणि माणसं शेतकऱ्याची. मजुराला रोज कोण देणार होतं, त्याला यंत्राच्या तोंडावर उभं कुणी केलं, ह्याच्यावर ठरेल. टोळी यंत्रवाल्याची असेल तर पहिली जबाबदारी त्याची. यंत्राला दाणा-काड घालायच्या जागी सुरक्षित तोंड होतं का कापून टाकलं होतं हेही बघा, काड लवकर जावं म्हणून कापतात. त्याच दिवशीचे फोटो असतील तर ठेवा, यंत्र आतापर्यंत तीन गावं फिरून आलं असेल.

हात मनगटापासून गेला की कोष्टकात ६० टक्के, पण तेवढ्यावर थांबेल असं धरू नका. ओडिशात सिनेमा थिएटरच्या सजावटीचं काम करताना एक सुतार पडला, डावा हात कोपराच्या वर कापावा लागला, तेव्हा सुप्रीम कोर्टाने १९७५ साली सांगितलं की एका हाताचा माणूस सुतारकाम करू शकत नाही म्हणजे शंभर टक्के गेला. शेतमजुराचा उजवा हात गेला तर तेच म्हणता येतं. रक्कम लाखांत जाते, म्हणून पाहुण्यांशी चावडीवर बसून दीड-दोन लाखांत "मिटवायचं" तर ते कायद्याने मिटत नाही. मिटवायचंच तर यंत्रवाल्याला सोबत घ्या, हप्ते ठरवा आणि आयुक्तांपुढे नोंदवा, ६० हजारांच्या पावत्या जोडा.

ज्याचा हात गेला त्याच्या नावावर जमीन असेल, गुंठाभर का असेना, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एका हाताला १ लाख मिळतात, तालुका कृषी कार्यालयात विचारा, अर्जाला ३० दिवसच असतात. भूमिहीन असेल तर त्या योजनेत त्याला काही नाही. तुमच्या सातबाऱ्यामुळे तुम्हाला मदत आणि यंत्रात हात घालणाऱ्याला नाही, हे मला कधी पटलेलं नाही. पुढच्या हंगामाला मजुरांचा विमा काढता येतो, दोन-चार शेतकरी आणि यंत्रवाला मिळून विमा कंपनीत चौकशी करा.

मी सोलापूरला खाजगी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. परवा इंजेक्शन दिल्यावर सुई टोचली. सिस्टर म्हणाल्या दाबून रक्त काढ, डेटॉल लाव, रजिस्टरला लिहू नकोस, उगाच चौकशी लागते. लागलंय थोडंसंच.

कॉलम छापून येईपर्यंत थांबायचं नव्हतं म्हणून हिला फोनवरच सांगितलं, इथे बाकीच्यांसाठी लिहितेय. दाबायचं नाही, रक्त काढत बसायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं आणि लगेच डॉक्टर गाठायचा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, कोर्स २८ दिवसांचा. हिपॅटायटिस बी ची लस झालीय का तेही बघायचं.

आणि रजिस्टरला लिहायचंच. त्याच दिवशी स्वतःची रक्ततपासणी करून ठेवायची, कारण सहा महिन्यांनी काही निघालं तर हॉस्पिटल म्हणेल हे आधीपासूनच होतं. त्या दिवशी निगेटिव्ह आणि नंतर पॉझिटिव्ह, मधे सुई टोचल्याची नोंद, एवढं असलं की पुढचं सोपं, आरोग्यसेवेत काम करताना लागलेला संसर्ग व्यवसायजन्य आजारांच्या यादीत पहिल्याच नंबरला आहे, ईएसआयमध्येही. सिस्टर रजिस्टर देत नसतील तर मेट्रनना ईमेल टाका, वेळ, वॉर्ड, बेड नंबर लिहून. हिने रात्री सव्वाअकराला टाकला, सकाळी रजिस्टर आपोआप सापडलं.